काळ्या कापडाखाली

मासा उन्हात रापतो.
नवख्या माणसाला सांगितलं की हसतो.
पण खरं आहे. मोकळ्या समुद्रात आमचा तांबडा मासा
खोल, अंधारात राहतो.
जाळ्याच्या पिंजऱ्यात आठ मीटर पाणी,
त्यात लपून लपणार किती?
म्हणून वर काळं कापड ताणायचं.
लग्नाच्या ताटात लालच लागतो,
शेपटीच्या टोकापर्यंत लाल.

कियोहारू स्वतः टोपी घालायचा नाही.
चाळीस वर्षं माशांवर सावली धरून
माणूस करपला.
उवाजिमाच्या इस्पितळात तीन महिन्यांत गोरा झाला
आणि मी काय ते समजले.

आता होडी मी नेते.
इंजिनाचा आवाज त्यांना कळतो.
वळसा घालून खाडीत शिरलं की
कापडाखाली पाणी उकळायला लागतं,
हजार तोंडं, सगळी माझ्याकडे.

ऑगस्टात पहाटे सोसायटीचा फोन आला:
लाल पाणी आलंय. खाणं बंद.
बघते तर सोया सॉसची बाटली लवंडावी
तशी खाडी.
विष वरच्या दोन मीटरांत.
मासा खाली राहिला तर जगेल.
खाणं दिसलं तर वर येईल,
इंजिन ऐकलं तरी येईल.

शेजारच्या ओचियाईला राहवलं नाही.
एक घमेलं टाकलं, एकच.
सकाळी त्याचे पिंजरे पांढरे.
तो धक्क्यावर बसून बूट काढत होता,
घालत होता, काढत होता.

मी टोकापाशीच इंजिन बंद करायचे.
पुढे वल्ह्यानं, चोरासारखी.
पिंजऱ्याच्या कडेला नुसती बसायचे.
खाली उपाशी लेकरं
आणि मी श्वाससुद्धा बेतानं घेतेय,
की आई आल्याचं कळू नये.

त्याच दिवसांत ओसाकाहून नात्सुहोचा फोन.
बाळाला शंभर दिवस होतात, एक मासा पाठव,
चांगला लाल.
उष्टावण गं. ओठांना लावायचा नुसता,
खायचं काही नसतं.
हो म्हटलं.
ते मला आता जमतं, हे सांगितलं नाही.

तेराव्या दिवशी पाणी निवळलं.
इंजिन चालू केलं, वळसा घातला.
काही नाही.
कापड तसंच, पाणी तसंच.
इंजिन बंद केलं, परत चालू केलं,
एवढ्या मोठ्यानं की डोंगरावरून आवाज फिरून आला.

मग एक आला.
कोपऱ्यात कापड फाटलंय,
शिवायचं कियोहारूकडून राहिलं, मग माझ्याकडून.
त्या उन्हाच्या तुकड्यात हा उन्हाळाभर राहिला असणार:
पाठ काळपट, डोळ्यावर निळी रेघ.
बाजारात निम्मा भाव.
त्याच्यामागून बाकीचे, लालेलाल,
मोजायचं धाडस केलं नाही.

ओसाकाला तोच पाठवला, बर्फात.
पेटीवर चिठ्ठी चिकटवली:
रंग बघून रागावू नकोस.
हा आजोबांवर गेलाय.