पाकिटावर खपली

नॉरिचच्या बाहेर, बीटाच्या शेतांना लागून
आमचं काचघर.
जून महिना. रात्रीचे साडेनऊ झाले तरी
उजेड घरी जायचं नाव घेत नाही.

थर्टलनं शीतघरातून पाकीट आणलं.
तपकिरी कागद, विटलेली शाई,
नाव इंग्रजी अक्षरांत.
'कॅप्ली,' तो म्हणाला.
तीस वर्षं तो तिला कॅप्लीच म्हणतोय;
अधूनमधून पेरतो, कापतो, मोजतो,
पुन्हा थंडीत निजवतो.
गाव कुठलं, हे कधी विचारलं नव्हतं त्यानं.

'खपली,' मी म्हटलं. 'ख. घशातून.'
त्यानं प्रयत्न केला.
नुरजाननं त्याला पाणी आणून दिलं.

'पण म्हणजे काय?'
मी पँट वर करून गुडघा दाखवला,
सायकलवरून पडले होते त्याचा.
जखमेवर धरते, ती.
दाण्याला टरफल तसंच घट्ट धरून बसतं.
घाईनं काढलंत तर दाणा फुटतो.

तासगावला आमची पिठाची गिरणी होती.
वडिलांच्या पापण्या तिशीतच पांढऱ्या,
रविवारी आंघोळीनंतर तेवढ्या काळ्या.
चिमूटभर पीठ बोटांत चोळून सांगायचे
गहू कुठल्या शिवारातला.
त्यांना मी काय काम करते ते नीट सांगता आलं नाही.
फोनवर म्हटलं, गव्हाची लग्नं लावते.
'आणि हुंडा?' म्हणाले, आणि
पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला.

वर त्सेहायचा गहू आहे, बिशोफ्तूचा,
जांभळट दाण्याचा.
बिया आल्या: शिक्का, सही, रोग नसल्याचा दाखला.
त्सेहाय नाही आली. दुसऱ्यांदा व्हिसा नाकारला.
तांबेऱ्याला यातलं काहीच लागत नाही,
तो वाऱ्यानं येतो,
आणि वाऱ्याला कुणी विचारत नाही किती दिवस राहणार.

म्हणून फोन कुंडीला टेकवून ठेवलाय.
त्यातून ती बघतेय, रात्र जागून, आमच्याहून दोन तास पुढे.

फुलातून तीन पुंकेसर काढायचे, चिमट्यानं.
हिरवे असले तर वेळेवर आलात;
पिवळे असले तर
लग्न आधीच लागून गेलंय, अक्षता खिशात ठेवा.
मग बटर पेपरचा अंतरपाट, तीन दिवस.
चौथ्या दिवशी तो वरून कापायचा,
वराची ओंबी उलटी धरून आत फिरवायची.
वाजंत्री म्हणजे काचघराचा पंखा.

'आमच्याकडे हिच्यासारखीच एक आहे,' त्सेहाय म्हणाली,
'तिला अजा म्हणतात.'
मी सांगितलं, आमच्या जुन्या पोथ्यांत अजा म्हणजे शेळी.
ती इतकी हसली की चित्र थिजलं,
तोंड उघडं, डोळे मिटलेले.
तसंच राहिलं बराच वेळ.

चाळीस फुलांत अकरा दाणे धरले.
त्यातले दोन सुरकुतलेले.
नऊ.

ऑक्टोबरात नऊ रोपं त्या बंद खोलीत नेली,
जिथे बूट बदलून, दोन दारं ओलांडून जावं लागतं,
आणि त्यांच्यावर तांबेरा फवारला, आपल्याच हातानं.
चौदा दिवस नुरजान कुणाशी धड बोलली नाही.
मग भिंगाखाली पान:
जिथे जिथे तो शिरला
तिथे पानानं स्वतःचाच एक ठिपका मारून टाकलेला,
टाचणीच्या डोक्याएवढा, सुकलेला.
त्याच्यापुढे हिरवं.

थर्टल भिंगावरून उठला.
माझ्या गुडघ्याकडे बोट करून म्हणाला, 'ती?'
'ती,' मी म्हटलं.

नव्या पाकिटावर नाव
तुझ्या अक्षरांत लिहितो म्हणाला.
मी फळ्यावर काढून दिलं,
त्यानं चित्र काढावं तसं उतरवलं, जीभ दातांत धरून.
ख जरा फाकला.
र वेगळा, व वेगळा.

रवपली.

दुरुस्त करणार होते.
मग म्हटलं, राहू दे.
रवाही गव्हाचाच.