सतरा प्रती

डिसेंबरात शाळा बंद झाली, कोळसा संपला म्हणून.
मी जुन्या वॉलपेपरचा गुंडाळा जमिनीवर पालथा पसरला
(पाठ कोरी, पोटाला गुलाब)
आणि चार कोपऱ्यांवर ठेवले
इस्त्री, दोन बूट, मिठाचा खडा.

सातवीतल्या बेक्तेमिरने विचारलं होतं,
"बाई, गणित कुठवर आहे?"
मेंढ्या सोडण्याआधी
कुरण कुठवर आहे विचारतात, तसं.

अंकगणित खाली, चुलीच्या बाजूला; त्याला ऊब लागते.
बीजगणित डावीकडे. भूमिती उजवीकडे.
संख्याशास्त्र हिरवं,
कारण हिरवा खडू तेवढा मोठा उरला होता.
मग सीमा.
सीमा म्हणजे काय ते मी दरवर्षी अकरावीला शिकवते:
जवळ जायचं, आणखी जवळ, पोचायचं नाही.
आखायची वेळ आली तेव्हा
तीनदा पुसली. कागदाला भोक पडलं.

पलीकडे, त्याच जमिनीवर, सासूबाई
नमद्यावर मेंढ्याची शिंगं आखत होत्या,
माझ्याच खडूने.
"हे कापल्यावर उरेल त्याचं काय करतेस?"
आई, हे कापायचं नसतं.
"मग आखतेस कशाला?"
त्यांनी लाल नमद्यावर तपकिरी ठेवला,
एकाच सुरीने दोन्ही कापले,
लालातलं शिंग तपकिरीच्या खळग्यात बसवलं,
तपकिरीतलं लालाच्या.
चिंधीसुद्धा उरली नाही.
"एक थोरल्या सुनेला, एक धाकटीला," म्हणाल्या,
आणि दाताने दोरा तोडला.

त्या रात्री मी सरळ रेघ सोडली.
भूमितीचं वर्तुळ उचलून बीजगणितात ठेवलं,
त्याच्या जागी त्याचं समीकरण.
शिंगात शिंग.
भोक पडलेल्या जागी ठिगळ लावलं, त्यावर शून्य.

नारीनच्या छापखान्यात निळ्याचा जांभळा झाला.
सतरा प्रती.
सतरा मूळसंख्या आहे, पण खरं सांगते,
पगारात तेवढ्याच बसल्या.
मिनीबसवाल्या तोक्तोबेकने त्या
धुराड्याच्या नळीत गुंडाळून शाळाशाळांना पोचवल्या.
भाडं घेतलं नाही. एवढंच विचारलं,
"यात माझा हिशेब कुठे?"
अंकगणित दाखवलं. जरा हिरमुसला.
"आणि घाट उघडा असेल की बंद, ते?"
संभाव्यता दाखवली.
त्यावर बोट ठेवून
बराच वेळ उभा राहिला.

मार्चमध्ये वरच्या खोऱ्यातून पत्र आलं,
एका मुलीच्या अक्षरात:
"बाई, आमच्या वर्गाची काच फुटली होती,
तिथे तुमचं गणित लावलंय.
वारा आला की कलन फुगतं.
अंकगणित हलत नाही, त्याला खिळे जास्त आहेत.
दुपारी ऊन मागून येतं
तेव्हा बाहेरून जाणारे गुराखी ते उलटं वाचतात.
एकाने काल आत येऊन विचारलं,
ठिगळावर काय आहे?
आम्ही सांगितलं."

काय सांगितलं, ते लिहिलं नव्हतं.

मूळ कागद शोधला तर सापडेना.
सासूबाईंनी त्याचे नमुने कापले होते,
नातीच्या लग्नाच्या बिछायतीसाठी.
भूमिती-बीजगणिताच्या मधली रेघ
त्यांना आवडली म्हणे.
"कापायचं नसतं म्हणालीस,
पण कापल्याशिवाय
कुणाला देणार?"