मासी

दांडिया बाजारात, टायरच्या दुकानावर जिम.
पहिल्या दिवशी नुसती दांडी. वीस किलो.
धवल म्हणाला, "हजी एक, मासी!"
बडोद्यात जन्म गेला, तरी मराठी कानाला
माशीच ऐकू आलं.
खरंच की.
दांडीवर बसलेली माशी. दांडी कुठे हलते?

जिना उतरताना मांड्या
कठड्याशी बोलत होत्या.

श्रावणात अडीच-अडीचच्या चकत्या,
भाकरीएवढ्यासुद्धा नाहीत.
नवरात्रात पाचाच्या.
मग कंबर धरली. परत नुसती दांडी.
तेही वहीत लिहिलं, दुधाच्या हिशेबाखाली.

होळीच्या आदल्या दिवशी चाळीस.
गुडघ्यांशी अडलं,
मग आलं वर, माझ्याबरोबर.
ठेवताना मात्र हातातून सुटलं, धाडकन.

खालून हसमुखभाईंनी
पाइपने छत ठोकलं.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच,
माझ्यासाठी.