एस्कर

विनिपेगच्या तळघरात, उणे एकतीसच्या सकाळी
रेडिएटर खोकत असतो
आणि मी हनात्युक सरांचे शब्द वेचत बसते.
त्यांच्या एका तासाला माझे सहा तास.

सर भूगर्भशास्त्र शिकवतात, फळ्याकडे तोंड करून.
चुकून वळलेच, तर मिशी:
इतकी दाट, की ओठ वाचणाऱ्यानं
वाचावं तरी काय.
ओडेट फोर्तिए पहिल्या बाकावर बसते.
पहिला बाक मंजूर झालेला आहे.
तसं पत्रच आहे: सदर विद्यार्थिनीस
परीक्षेत दीडपट वेळ, सर्व चित्रफितींना कॅप्शन
व पुढील आसन अनुज्ञेय.
खाली सही माझी, थोरा आयनार्सन,
गारठलेल्या पेनाची, अर्धी उमटलेली.

सप्टेंबरात पत्र गेलं.
ऑक्टोबरात पोच आली.
नोव्हेंबरात सरांचाच फोन:
"बाकीची मुलं कधी तक्रार करत नाहीत."
म्हटलं, खरंय सर, त्यांना ऐकू येतं.

तोवर यंत्र लिहीत होतं.
यंत्र थकत नाही, हीच त्याची खोड.
मोरेनचं त्यानं केलं 'मोर रेन',
दहा हजार वर्षांपूर्वीच्या बर्फावर आणखी पाऊस.
टिल म्हणजे हिमनदीनं फरफटत आणलेला गाळ,
त्याचं झालं 'तोपर्यंत'.
आणि एस्कर:
बर्फाच्या पोटातून वाहणारा ओढा
बर्फ वितळल्यावर मागे ठेवतो
तो खडीवाळूचा लांबच लांब वरंबा,
पाणी गेलं तरी पाण्याची वाट सांगणारा.
एस्कर जिथे आला तिथे यंत्रानं लिहिलं
'आस्क हर'.
तिला विचारा.

पन्नास मिनिटांत अकरा वेळा.
ही दरी तिला विचारा कशी तयार झाली.
आपल्या शहराच्या पूर्वेला एक मोठा तिला विचारा आहे,
त्यातली खडी आपण रस्त्यांना वापरतो.
हसत खोडत गेले.
सातव्यांदा खोडताना बोट अडलं.

तिची फाइल काढली.
ऑडिओग्राम, उताराच्या दोन रेघा.
डॉक्टरांचा दाखला, तीन अर्ज, चार शिक्के,
माझेच हिरव्या शाईतले शेरे.
सगळ्यांनी तिच्याबद्दल लिहिलं होतं.
विचारलं कुणी नव्हतं.
मीही नव्हतं.

मंगळवारी ती आली, बुटांवरचा बर्फ झटकत.
मी यादी करून ठेवली होती:
अक्षरं केवढी हवीत, रंग कुठला, ओळी किती.
तिनं ती सभ्यपणे शेवटपर्यंत वाचली.
मग म्हणाली, कडा झिजलेल्या तिच्या आवाजात,
"तास सुरू व्हायच्या आधी
ते सगळे कशाला हसतात?"

मला सांगता येईना.
फीत मी 'तर' पासून धरते.
सर 'तर' म्हणाले की अभ्यासक्रम सुरू,
त्याआधीची चार मिनिटं कापायची, असा नियम.
नियम मीच केलेला.
दोन वर्षं नेमानं
कापून टाकलेली चार-चार मिनिटं.

वर्गाला विचारलं. वर्ग हो म्हणाला.
सर मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणाले,
ते मी होकार धरलं.
बिलात या मिनिटांना रकाना नाही.
वरून विचारणा होईल.
होऊ दे.

[खुर्च्या सरकतात]
[मागून कुणीतरी: माझी गाडी सुरूच होईना, दोन भाषांत शिव्या दिल्या]
[दुसरं कुणी: तिसरी शिकून घे]
[हशा]
[सरांचा स्वेटर उलटा आहे, शिवण बाहेर]
[सरांना अजून माहीत नाही]
[पुन्हा हशा, या वेळी दाबलेला]
तर,

कॅप्शन एक दिवस उशिरा पोचतात.
म्हणजे हसणंही.
ग्रंथालयातला बर्ट्रम जेवताना सांगत होता,
बुधवारी एक मुलगी खिडकीपाशी
लॅपटॉपसमोर एकटीच मोठ्यानं हसत बसली होती.
त्यानं दोनदा शू केलं,
तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.