मोहरीएवढं

दवबिंदूचं बी पूर्णविरामाहून बारीक.
चिमटीत आलं की नाही, कळत नाही.
दिवाळीआधी मसाई पठारावरनं आणलं,
एकाच वाळल्या देठावरचं, पाकिटात झटकून,
बाकीचं पठाराला ठेवलं.

माझ्या फौंड्रीत वाळूला तोटा नाही,
पण तिच्यात बेंटोनाइट.
साच्याला चालतं ते मुळाला चालत नाही.
म्हणून नदीची वाळू आणली, नऊ वेळा धुतली,
आणि उद्यमनगरात कलगोंडाच्या बॅटरीच्या दुकानातनं
डिस्टिल्ड पाण्याचा कॅन.
‘गाडी कुठली?’ त्यानं विचारलं.
गाडी नाही, म्हटलं. झाडं आहेत.
त्यानं पैसे दोनदा मोजले.

बेचाळीस उगवली.
तिसऱ्या पानाला लाल केस फुटले
आणि प्रत्येक केसावर एक थेंब,
इतका लहान की त्याला थेंब म्हणायला संकोच वाटावा.

सोमवारी एक आडवं झालं.
उचललं तर सहज आलं. खाली काहीच नव्हतं.

दादांचं भिंग काढलं,
घड्याळजीचं, डोळ्याच्या खोबणीत धरायचं.
दादा म्हणायचे, श्वास सोडू नको,
बालकमान उडाली तर जन्मात सापडायची नाही.
श्वास धरून पाहिलं.
काचेच्या दोऱ्यासारखी अळी, डोकं तेवढं काळं,
आणि पोटातलं जेवण बाहेरून स्पष्ट दिसत होतं.
ते जेवण माझं होतं.

वैजयंती हसली. ‘मांसाहारी ना तुमचं झाड?
कोल्हापुरात राहून उलटं कसं झालं?’
दारातनं दिलावर शिकलगार म्हणाला,
‘वाघाच्या पिलाला मुंग्या लागल्या म्हणा की.’

रात्री मातीवर बटाट्याची चकती ठेवली.
सकाळी उलटली: अकरा.
दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरा,
जणू मी त्यांना जेवायलाच बोलावत होतो.
पाणी तोडावं तर अळ्या मरतात,
पण रोपं त्यांच्याआधी.

चिलटांना पिवळा रंग आवडतो असं ऐकून होतो.
कुणाच्याशा लग्नपत्रिकेचं पिवळं पाकीट
एरंडेल फासून कुंडीपाशी उभं केलं.
चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी
यांच्यामध्ये संध्याकाळपर्यंत सव्वीस चिलटं.
वैजयंती म्हणाली, अहो, त्यांचं लग्न अजून व्हायचंय.
मी पाकीट उलटं फिरवलं.

एकोणीस राहिली.
मग चौदा.

दिलावर मलेरिया विभागात आहे.
शनिवारी त्यानं तंबाखूच्या पुडीत
तपकिरी भुकटी आणली.
‘ऑफिसची नाही हां. सांडलेली, झाडून घेतलेली.
डासाची अळी हे खाते आणि आतनं फुटते.
ही तिची चुलतबहीणच की.’
कलगोंडाच्या पाण्यात चिमूटभर कालवली,
ड्रॉपरनं, एकेका रोपाच्या बुडाशी.
हात थरथरला. माझे हात
चौदाशे डिग्रीच्या लोखंडाजवळ थरथरत नाहीत.

आठवडाभर चकतीखाली पाहायचं धाडस झालं नाही.
पाहिलं तेव्हा बटाटा काळा पडला होता
आणि खाली कुणीच नव्हतं.

नऊ रोपं. बेचाळीसातली नऊ.
बाकीच्या तेहतिसांच्या जागी
मऊ हिरवट माती, कुठं खड्डाही नाही.

आज पहाटे त्यांतल्या एकावर,
मोहरीएवढ्या पानावर, एक चिलट.
पाय चिकटलेले, एक पंख अजून हलत होता.
चिलट पानाच्या दुप्पट.
केस वाकायला लागले होते,
किंवा मला तसं वाटलं.
एवढा घास त्याला पचेल,
की पानच कुजेल, माहीत नाही.
सुईनं काढता आलं असतं.
सुई हातात होतीही.

खाली दिलावरनं गाडीला किक मारली,
मला वाटेत फौंड्रीवर सोडणार होता.
भिंग डोळ्यात तसंच ठेवून
मी एका हातानं चपला शोधत राहिलो,
सगळं घर धुकट,
आणि श्वास अजून सोडलेला नव्हता.