खोबऱ्याचा काटा

तारावाहून निघालेला वजनकाटा वाटेतच राहिला.
म्हणून माणसं मोजली सहकारी गोदामातल्या
खोबऱ्याच्या काट्यावर.
वर गंजलेला आकडा, खाली दोरांची झोळी,
वारा सुटला की माणूस हलायचा
आणि माणसाबरोबर किलोही.
वारा पडेपर्यंत थांबायचं, मग लिहायचं.

झोळीत बसता बसता नेई तेरेतिया म्हणाली,
"भाव नीट लाव हं, नर्सबाई.
माल जुना आहे, पण सुकलेला नाही."
रांग खदखदून हसली.
मी लिहिलं: एकशे चार.

एक्केचाळीस घरं, एकशे अठरा प्रौढ.
कंबर, दंड, मग बोटाच्या टोकावर सुई.
थेंब पडल्यावर यंत्र पाच सेकंद विचार करतं
आणि तेवढ्यात प्रत्येक जण
काहीतरी कबूल करून टाकतो:
काल लग्न होतं.
आई अशीच गेली.
मी चहात साखर घालत नाही, साखरेत चहा घालतो.

प्रत्येक घरी तोंड गोड केल्याशिवाय
उठू देत नाहीत.
अकराव्या घरापर्यंत माझे चमचे झाले बावीस.
तपासणाऱ्या बाईने काय प्यायलं,
याला तक्त्यात रकाना नाही.

रात्री मानेआबाच्या छपराखाली कंदील लावून
आकडे तारखांप्रमाणे मांडले.
जहाज आलं त्या आठवड्यात साखर चढलेली:
तांदूळ, मैदा, डबाबंद मांस, पांढरी पोती.
जहाज लांबलं की उतरलेली.
या बेटाला दोन भरत्या आहेत.
एकीचं वेळापत्रक छापून येतं.

"भाजी? आठवड्यातून किती दिवस?"
म्हातारा तोकाताके माझ्याकडे बघत राहिला,
मग काठी उचलून चालू लागला. मी मागोमाग.
आजोबांच्या आजोबांनी प्रवाळ फोडून खणलेला खड्डा,
पुरुषभर खोल, तळाशी गोडं पाणी,
त्यात बाबाईची पानं, आपण अळूची म्हणू,
पण एकेका पानाखाली पोर झोपेल एवढी.
एवढी होती, असं म्हणायचं.
त्या वर्षी समुद्र आत आला आणि
जाताना मीठ विसरून गेला.
आता तिथे पिवळे देठ आणि एक खेकडा.
"चाख," तो म्हणाला.
मी ओंजळ तोंडाला लावली.

भाजी: शून्य दिवस.
समासात, आडवं, बारीक अक्षरात:
विहीर खारट.
राजधानीत कुणीतरी ते पुसून टाकेल,
त्याला सांकेतिक क्रमांक नाही.
पुसण्यापूर्वी वाचेल तरी.

शेवटी पाय.
त्यासाठी एक नायलॉनचा तंतू असतो,
थेट मासेमारीच्या दोरीसारखा.
तळव्यावर दहा जागी टेकवायचा,
वाकेल इतकाच दाबायचा.
तोकाताकेने तो आधी हातात घेऊन पाहिला,
ताणला, दाताखाली धरला.
"हलका आहे. याला काय लागणार?"

तो गलबतातल्या लोकांनाही दोरीवरचा मासा सांगतो म्हणे.
चाळीस वाव खाली
माशाने आमिष नुसतं हुंगलं तरी
त्याच्या तर्जनीला कळतं,
लहान की मोठा,
भुकेला की नुसताच चौकस.

"डोळे मिटा. लागलं की 'हो' म्हणा."

अंगठा. करंगळी. चवड्यावर तीन.
कडेला, टाचेशी रुतून बसलेला
माशाचा एक काटा, किती दिवसांचा कोण जाणे,
भोवती त्वचा काळी पडलेली.
त्याच्या शेजारी. कमानीत. टाच.
पुन्हा अंगठा.

बाहेर गोदामात पोरं काट्याला लोंबकळत होती,
कुणीतरी ओरडत होतं, "एकोणतीस! एकोणतीस!"

तोकाताके डोळे मिटून बसलेला,
मान किंचित तिरकी,
तर्जनी गुडघ्यावर उचललेली,
दोरी धरल्यासारखी.

बऱ्याच वेळाने, मला संकोच वाटू नये म्हणून
अगदी हळू म्हणाला,
"सुरू कर ना, पोरी."