राहण्याचा पत्ता

प्रोबेशनची बाई टेप घेऊन आली.
मागचं दार एकतीस इंच भरलं.
खुर्ची जाईल म्हणाली, अंग चोरून.
उंबरठा तेवढा तासून घ्या.

घरात हत्यार? कांद्याची सुरी.
त्याच्या कमाईचं काय?
मी तिच्याकडे पाहिलं.
रकाना आहे, ती म्हणाली, भरावा लागतो.

बटनरच्या तुरुंगातल्या दवाखान्यात
ऑर्विल, माझा धाकटा, एकशे चार पौंड.
कारण असाधारण हवं, वकीलबाई बजावते,
आणि असली फुप्फुसं कोर्टात रोजचीच.
शिक्षा उरलीय नऊ वर्षं.
तो, डॉक्टरांच्या मते, सहा आठवडे.
दोन्ही कागद एकाच पिनेत.
वॉर्डनचे तीस दिवस केव्हाच सरले,
ना होकार, ना नकार.

तो निर्दोष आहे असं मी कुठेच लिहिलं नाही.
बँकेच्या पहारेकऱ्याची बायको, लुएला,
अजून इथेच, हॅझर्डमध्ये राहते.
तिलाही कोर्टाने विचारलंय.
तिने काय कळवलं, मी विचारलं नाही.

शनिवारी दुकानात समोरासमोर आलो.
माझ्या ढकलगाडीत डायपरचे दोन पुडे,
मोठ्या माणसांचे.
तिने ते पाहिले. बराच वेळ पाहिले.
मग पर्समधून एक कूपन काढलं,
वरच्या पुड्यावर ठेवलं
आणि दुधाच्या फळीकडे वळली.

आजचा पोस्टमन येऊन गेला.
मी रंधा घेऊन उंबरठ्याशी बसलेय.
ओकचं लाकूड, हटवादी.
पाव इंच गेलंय.